व्यावसायिक महिला टेनिस: गुण, वेळापत्रक आणि खर्चाचा हिशेब (मुंबई-ठाण्याच्या पालकांसाठी)

बेसलाइन (धागाकर्ती)

क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर मुंबई ओपन भरली की तेच प्रश्न पुन्हा येतात. मुलगी चौदा-पंधराची आहे, राज्य पातळीवर जिंकते, आता पुढे काय? उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून एकत्र आणतेय. फोरहँड आणि सर्व्हिसबद्दल इथे फार नको, ते प्रशिक्षक बघतील. माझा मुद्दा एकच आहे. क्रमवारीत तीनशे ते सहाशेच्या मध्ये अडकलेल्या मुलींचं टेनिस बऱ्याचदा पुरेसं असतं. कमी पडतं ते वेळापत्रक.

डब्ल्यूटीएची (व्यावसायिक महिला टेनिसची जागतिक संघटना) क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांवर चालते. एकेरीत सर्वोत्तम १८ निकाल धरतात (२०२३ पर्यंत १६ धरायचे), दुहेरीत १२. क्रमवारीत नाव लागायला तीन स्पर्धांत गुण हवेत, नाहीतर एकूण किमान १० गुण.

खालून वर जाताना पहिला टप्पा आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धांचा: डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५ आणि १००. हे आकडे बक्षिसाचे नाहीत, विजेतीला मिळणाऱ्या गुणांचे आहेत. २०२४ पासून ही नावं आली. जुन्या 'पंचवीस हजारी'च्या (बक्षिसाच्या रकमेवरून नाव) हिशेबाने वाचलं की इथेच गल्लत होते.

३२ जणींच्या ड्रॉमध्ये (कोण कोणाशी खेळणार त्या मांडणीत) गुण असे मिळतात. डब्ल्यू १५ ला विजेती १५, उपविजेती १०, उपांत्य फेरी ६, उपांत्यपूर्व ३, एक सामना जिंकून हरलात तर १. डब्ल्यू ३५ ला ३५, २३, १४, ८, ४. डब्ल्यू ७५ ला ७५, ४९, २९, १६, ९. मुंबई ओपन ही डब्ल्यूटीए १२५, म्हणजे आयटीएफच्या वरची पायरी, तिथे १२५, ८१, ४९, २७, १५.

आता हा हिशेब कागदावर करून बघा. ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी खेळायला साधारण २२० ते २४० च्या आत असावं लागतं. मुख्य ड्रॉमध्ये १०४ जणी थेट जातात, त्यांच्या खालच्या पात्रता फेरीला. तेवढ्या क्रमवारीला तीनशेच्या आसपास गुण लागतात. एखादी मुलगी वर्षात १८ डब्ल्यू १५ खेळली आणि अठराच्या अठरा जिंकली, तरी १८ गुणिले १५ म्हणजे २७०. तरीही ती बाहेरच.

म्हणून डब्ल्यू १५ ही फक्त पहिली पायरी. तिथे रमायचं नाही.

पार्लेकर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पात्रता फेरीवर एवढा भर का, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूला ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. विम्बल्डनला १५,५०० पौंड. डब्ल्यू १५ मध्ये पहिल्या फेरीत हरलं तर दीडशे अमेरिकन डॉलरच्या आसपास. वर्षाला चार ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेऱ्या खेळणाऱ्या मुलीचा प्रवास, प्रशिक्षक, फिजिओ सगळं त्यातून उभं राहतं. त्या रेषेच्या खाली असलेली जवळपास प्रत्येक मुलगी घरच्या किंवा प्रायोजकाच्या पैशावर खेळते.

आई अंधेरीची

मुलगी चौदा पूर्ण आहे. लगेच व्यावसायिक स्पर्धा खेळवता येतात का? सुरुवात कुठून करायची?

बेसलाइन

येतात, पण मोजून. चौदाव्या वाढदिवसाआधी अजिबात नाही. मूळ आराखडा असा की चौदाची असताना ८ स्पर्धा, पंधराची असताना १०, सोळाची असताना १२, सतराची असताना १६, अठरा पूर्ण झाल्यावर मर्यादा नाही. हा हिशेब वाढदिवस ते वाढदिवस चालतो, जानेवारी ते डिसेंबर नाही. ज्युनियर क्रमवारी चांगली असेल तर काही स्पर्धा वाढवून मिळतात. म्हणून चौदा पूर्ण झाल्यावरच्या आठ स्पर्धा अंदाजपंचे उडवू नका.

सुरुवात कागदपत्रांपासून करा, आणि ती नीट करा. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं, आधारवर तिसराच क्रम असतो. एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) नोंदणी, आयटीएफचा आयपिन (खेळाडूचा नोंदणी क्रमांक), व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव हवं. आयपिनमध्ये एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर स्पर्धेच्या टेबलावर ओळख पटवताना अडतं आणि व्हिसाच्या पत्रातही चुकीचं नाव येतं. आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, मग आयपिन काढा.

शिवाय टेनिसमधल्या सचोटीचं छोटं ऑनलाइन प्रशिक्षण खेळाडूंना बंधनकारक आहे. तासाभराचं काम आहे. तिच्याबरोबर तुम्हीही बसून बघा. टेनिसवर पैज लावायला खेळाडूला मनाई आहे, तशी सोबतच्या माणसांनाही आहे. सामन्यापूर्वी 'दुखतंय का तिला?' असं कोणी अनोळखी माणूस विचारू लागला, तर ती आतली माहिती असते. उत्तर द्यायचं नाही आणि कळवायचं.

माटुंगेकर

प्रवेशाच्या तारखांबद्दल लिहितो, कारण आठवडे वाया जातात ते इथेच.

आयटीएफच्या महिला स्पर्धेसाठी नाव द्यायची अंतिम वेळ म्हणजे स्पर्धा ज्या सोमवारी सुरू होते, त्याच्या १८ दिवस आधीचा गुरुवार, दुपारी २ जीएमटी. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. नाव मागे घ्यायची मुदत १३ दिवस आधीचा मंगळवार, तीच वेळ. लोक 'गुरुवार' एवढंच लक्षात ठेवतात आणि रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडतात. तोवर यादी बंद झालेली असते.

एका आठवड्यासाठी एकापेक्षा जास्त स्पर्धांना नाव देता येतं, प्राधान्यक्रम लावून. मुख्य ड्रॉ, पात्रता आणि प्रतीक्षा अशा तीन याद्या लागतात. गुरुवारी वेळेत नाव दिलं म्हणजे काम झालं असं नाही. शुक्रवार ते मंगळवार रोज यादी बघायची, वरच्या किती जणी बाहेर पडताहेत हे मोजायचं आणि मंगळवारी साडेसातच्या आत ठरवायचं. मंगळवारनंतर माघार घेतली तर उशिरा माघारीची नोंद होते आणि दंड लागू शकतो. न कळवता गैरहजर राहिलात तर त्याहून वाईट.

माझी पद्धत अशी. प्रत्येक आठवड्याला दोन नावं. एक अशी जागा जिथे मुख्य ड्रॉ नक्की मिळेल, दुसरी एक पायरी वरची, जिथे पात्रता मिळेल. मंगळवारी दुपारी दोन्हीकडचे कटऑफ शेजारी ठेवायचे. विमानाचं तिकीट मंगळवारनंतरच काढायचं.

पार्लेकर

सुरुवातीच्या वर्षासाठी मोनास्तीर सुचवेन. ट्युनिशियात वर्षभर एका पाठोपाठ एक डब्ल्यू १५ असतात. एकदा गेलं की तीन-चार आठवडे तिथेच, तेच हॉटेल, तेच हार्ड कोर्ट. तुर्कस्तानात अंतल्या, इजिप्तमध्ये शर्म एल शेख याच धर्तीवर. हरली तरी पुढचा सोमवार तिथेच असतो. शेंगेनही (युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्र व्हिसा) लागत नाही.

माटुंगेकर

पार्लेकर, एका बैठकीत हिशेब मांडू. तीन आठवड्यांचं मोनास्तीर, मुलगी एकटी, प्रशिक्षक नाही. समजा विमान ७०० डॉलर, हॉटेल २१ रात्री ६० प्रमाणे १,२६०, जेवण रोज २५ प्रमाणे ५२५, तारा बारा वेळा १५ प्रमाणे १८०. एकूण २,६६५ डॉलर. तिन्ही आठवड्यांत एकेक सामना जिंकून ती दुसरीत हरली, तर बक्षीस हजार डॉलरच्या आतच. गुण किती? तीन.

तेच सोलापूरच्या डब्ल्यू ३५ मध्ये एक सामना जिंकला की चार गुण. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता. नवी मुंबई, पुणे, बंगळुरू इथेही हिवाळ्यात डब्ल्यू ३५ किंवा वरच्या स्पर्धा होत आल्यात. घरच्या स्पर्धांत प्रवेशाची रेषा युरोपच्या मानाने बऱ्याचदा खाली येते आणि वाइल्ड कार्डची (क्रमवारी न बघता आयोजकांनी दिलेल्या जागेची) शक्यताही असते.

पार्लेकर

तुमचं गणित बरोबर आहे, पण डब्ल्यू ३५ चा पहिला सामना जिंकणं वेगळं. मोनास्तीरचा उपयोग गुणांसाठी नाही, सामन्यांच्या संख्येसाठी. आपल्याकडची मुलगी डिसेंबर ते मार्च भरपूर खेळते आणि एप्रिल ते सप्टेंबर सामन्यांविना राहते. जिमखान्याची मातीची कोर्टं जूनपासून बंद. हार्ड कोर्टावर शेवाळ धरतं, पावलं सरकतात, घोटे जातात. चार महिने चेंडूच नीट लागत नाही.

बेसलाइन

दोघांचं जोडून घ्या. हिवाळ्यात घरच्या डब्ल्यू ३५ सगळ्या, एकही सोडायची नाही. पावसाळ्यात बाहेर, तीन आठवड्यांच्या गटात, आणि दोन गटांच्या मध्ये किमान एक पूर्ण आठवडा सरावाचा. तीनच का? पहिल्या आठवड्यात हवा, कोर्ट, चेंडू अंगवळणी पडायचे असतात, तिसऱ्यात खेळ लागतो. चौथ्या आठवड्यापासून पाय जड होतात आणि दुखापती त्यातच होतात. चार-पाच आठवडे सलग लावायचा मोह होतो, कारण विमानाचं भाडं एकच. तो टाळा.

आणखी एक गोष्ट इथे कोणी बोलत नाही. गुण ५२ आठवड्यांनी गळतात. घरच्या स्पर्धांत डिसेंबर-जानेवारीत ६० गुण कमावले असतील, तर पुढच्या डिसेंबर-जानेवारीत ते एकदम जातात. ज्या मुलीचे सगळे गुण हिवाळ्यातले आहेत, तिची क्रमवारी मार्चमध्ये सुंदर दिसते आणि फेब्रुवारीत कोसळते. वहीत प्रत्येक निकालापुढे गुण आणि 'कधी गळणार' ती तारीख लिहा. अठरा ओळींचं एक पान पुरतं. तळाच्या चार ओळी बघा. तिथे १, १, ०, ० असेल, तर तिथे ४ किंवा ९ बसवणं हेच पुढच्या दोन महिन्यांचं काम. वरच्या मोठ्या निकालांकडे बघत बसू नका.

वरच्या पायरीवरचा एक आठवडा काय करतो याचं उदाहरण आपल्याच शहरात घडलं. २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये कोइम्बतूरची माया राजेश्वरन पंधराव्या वर्षी पात्रतेतून उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे तिला पुढे विजेती ठरलेल्या यील टाइखमानने हरवलं. उपांत्य फेरीचेच ४९ गुण, म्हणजे तीन डब्ल्यू १५ जिंकण्याहून जास्त, आणि पहिल्याच फटक्यात क्रमवारीत नाव. याच स्पर्धेत २०१७ साली अरीना सबालेंका जिंकली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जगात पहिली झाली.

तारवाला

रॅकेटीबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी वेळ घालत नाही आणि मनगटं मात्र त्यानेच जातात.

चौदा-पंधराच्या मुलीच्या रॅकेटीत पूर्ण पॉलिएस्टर तार ५५ पौंडांवर ताणून देणं ही इकडची सर्रास चूक. पॉली कडक असते, धक्का हातात जातो. शिवाय ती तुटत नाही, मरते. साधारण दहा-बारा तास खेळून झालं की ताण उतरतो, तार जागेवर परत येत नाही आणि चेंडू भरकटतो. मुलीला वाटतं टायमिंग गेलं, म्हणून ती जोर लावते. पुढे मनगट धरतं.

उभ्या तारा पॉली ४८ ते ५० पौंड, आडव्या मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) त्याहून दोन पौंड जास्त, अशी जोड बहुतेक मुलींना पुरते. मुंबईच्या दमट हवेत एक लक्षात घ्या. पॉली पाणी धरत नाही, पण मल्टिफिलामेंट आणि नॅचरल गट (जनावराच्या आतड्याची तार) धरतात. पावसाळ्यात किट कोर्टाजवळ उघडी ठेवली की नॅचरल गटाचे धागे सुटायला लागतात. रॅकेटी बंद पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

स्पर्धेला किमान तीन रॅकेटी, चार असल्या तर उत्तम. तिन्ही एकाच मॉडेलच्या घेतल्या म्हणजे सारख्या असतात हा गैरसमज आहे. कारखान्यातूनच पाच-सात ग्रॅमचा आणि तोलाचा फरक येतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, मग रॅकेट पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून तोलाचा बिंदू मोजा. सगळ्यात जड असेल तिच्याबरोबर बाकीच्या शिशाच्या पट्टीने जुळवायच्या. हलकी असेल तर पट्टी कुठे लावायची ते तोलावर ठरतं. डोक्याकडे हलकी असेल तर फ्रेमच्या वर, मुठीकडे हलकी असेल तर ग्रिपखाली. एका वेळी दोन ग्रॅमपेक्षा जास्त नको. तार तुटून दुसरी रॅकेट हातात घेतल्यावर पहिल्या गेममध्ये तीन चेंडू बाहेर जाताना दिसतात, ते बहुतेक यामुळे.

खर्च वाचवायचा तर सुट्या पाकिटांऐवजी २०० मीटरचं रीळ घ्या. एका रॅकेटीला १२ मीटर लागतात, म्हणजे सोळा रॅकेटी निघतात. स्पर्धेला तार आपली न्यायची, फक्त मजुरी द्यायची. आणि ताणाचा आकडा मशीनवाल्याला लिहून द्या. तिथे किलोत विचारतात, ५० पौंड म्हणजे २२.७ किलो.

आई अंधेरीची

तारवाला, फार उपयोगी. कोर्टाबद्दल एक विचारायचं होतं. आम्हाला मातीचं कोर्ट जवळ मिळतं, हार्ड कोर्टाला लांब जावं लागतं. मातीवर सराव केला तर युरोपात फायदा होईल ना?

माटुंगेकर

तसा सरळ होत नाही. आपल्या जिमखान्यांची माती टणक, रोलर फिरवून घट्ट केलेली, चेंडू खाली राहतो आणि पटकन येतो. युरोपातली माती विटांच्या भुकटीची, उसळी खांद्याच्या वर, आणि घसरत चेंडूपर्यंत जावं लागतं. आपल्या मातीवर वाढलेली मुलगी तिथे पहिल्या आठवड्यात चेंडूच्या खाली सापडते. त्यामुळे मातीच्या गटाआधी पाच दिवस लवकर पोचा.

घरच्या डब्ल्यू ३५ आणि मुंबई ओपन हार्डवर असतात. आठवड्यातून तीन दिवस तरी हार्ड कोर्ट हवंच, लांब असलं तरी.

फिजिओ ठाण्याचा

तीन गोष्टी, लवकर सांगतो.

पाठ. वाढीच्या वयात सर्व्हिसच्या वेळी कंबर मागे वाकते आणि वळते. त्या एका हालचालीने कण्याच्या खालच्या मणक्याला ताणाचा बारीक तडा जातो. एका बाजूला दुखतं, मागे वाकल्यावर वाढतं. दोन आठवडे असं दुखलं तर 'स्नायू आखडलाय' म्हणून तेल चोळत बसू नका, एमआरआय करून घ्या. रोजच्या सर्व्हिस मोजा. स्पर्धेच्या आठवड्यात सराव आणि सामना धरून आकडा एकदम वाढतो, तो वाढू द्यायचा नाही.

रक्त. पाळी सुरू झालेल्या, रोज चार तास खेळणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन ठीक आलं तरी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी असू शकतं. वर्षातून दोनदा दोन्ही तपासा. तिसऱ्या सेटमध्ये पाय जाणं हे दर वेळी फिटनेसचं नसतं. पाळी तीन महिने थांबली तर ते कमी खाण्याचं आणि जास्त श्रमाचं लक्षण समजा. हाडं त्यातच ठिसूळ होतात.

औषध. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे केमिस्ट काउंटरवरून देतो त्या बऱ्याच खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं. ते बंदी असलेल्या यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणापलीकडे स्पर्धेच्या काळात चालत नाही. सांध्यात घ्यायचं स्टिरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंद आहे, त्याआधी घेतलं तरी किती दिवस अंतर ठेवायचं ते बघावं लागतं. बाटलीवरची रचना वाचा, नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीशी ताडून बघा. आयुर्वेदिक चूर्ण आणि जिमवाल्याने दिलेला डबा यांत काय मिसळलंय हे लेबलवर येईलच असं नाही. दमा असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागायची, चाचणीनंतर नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की ही खेळाडू आहे आणि तिची चाचणी होऊ शकते.

उन्हाचं एक राहिलं. मुंबईत दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून ३२ अंशांतही शरीर तापतं. नुसतं पाणी पाजू नका. ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये, बाजू बदलताना दोन-तीन घोट. कमी पाण्यात दाट केलं तर पोट बिघडतं.

डबल्सप्रेमी

एवढं लिहून झालं आणि दुहेरी कुठेच नाही, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

सानिया मिर्झा एकेरीत २००७ साली २७ व्या क्रमांकापर्यंत गेली. मनगट आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर तिने एकेरी सोडली आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ चं विम्बल्डन, यूएस ओपन आणि २०१६ चं ऑस्ट्रेलियन. मिश्र दुहेरीत त्याआधीची तीन. हा तडजोडीचा रस्ता नव्हता, विचार करून निवडलेला होता.

पुण्यात घडलेली अंकिता रैना एकेरीत १६० पर्यंत पोचली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य आणलं. डब्ल्यूटीएचं विजेतेपद मात्र तिला दुहेरीत मिळालं, २०२१ मध्ये कामिला राखिमोवाबरोबर. आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझो आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

व्यवहाराचं सांगतो. दुहेरीत सर्वोत्तम १२ निकाल धरतात, म्हणजे कमी स्पर्धांत क्रमवारी उभी राहते. ड्युसला (४०-४० झालं की) ॲडव्हांटेज नसतो, एकच पॉइंट. तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक. तासा-सव्वातासात सामना संपतो, त्यामुळे एकेरी खेळणाऱ्या मुलीलाही झेपतं. पहिल्या फेरीत एकेरीत हरली तर दुहेरीमुळे आठवडा जिवंत राहतो.

चूक होते ती जोडीदारात. स्पर्धेच्या टेबलावर सोमवारी सकाळी जी दिसेल तिच्याबरोबर नाव लावतात. ते दोन महिने आधी ठरवा. दोघींची क्रमवारी मिळून प्रवेश मिळतो, म्हणून थोडी वरची जोडीदार शोधा. आणि कोण कोणत्या बाजूला हे आधीच पक्कं असू द्या. डावीकडे खेळणारीला ॲड कोर्टात (कोर्टाच्या डाव्या अर्ध्यात) बॅकहँडचा रिटर्न येतोच. सराव करा: एकच पॉइंट, रिटर्न शरीरावर, रोज वीस. निर्णायक पॉइंटला रिटर्न कोण घेणार हे जिंकणारी जोडी न बोलता ठरवते, हरणारी तिथे उभी राहून कुजबुजते.

आई अंधेरीची

शाळेचं काय करतात? दहावी पुढच्या वर्षी आहे.

बेसलाइन

प्रवास जास्त असेल तर बऱ्याच मुली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे जातात, विषय वेगवेगळ्या सत्रांत देता येतात. पण दहावी नियमित शाळेतून करून मग बदललं तर घरात ताण कमी होतो, असं माझं मत.

अमेरिकेतल्या विद्यापीठाचा रस्ता चांगला आहे. ऋतुजा टेक्सस ए अँड एमला खेळली आणि त्यानंतर व्यावसायिक झाली. चार वर्षं सामने, कोर्ट, फिजिओ, आणि हातात पदवी. पण त्यासाठी आत्तापासून सावध राहा. बक्षिसाचे पैसे आणि खर्च यांचे तिथले नियम अलीकडे बदलत आहेत. हॉटेल, तिकीट, तारा यांची प्रत्येक पावती स्पर्धेप्रमाणे फायलीत ठेवा. बक्षिसातून त्या देशाचा कर कापतात, त्याचं प्रमाणपत्रही त्याच फायलीत. स्पर्धा संपल्यावर टेबल बंद व्हायच्या आत मागून घ्या, नंतर ईमेलवर मिळत नाही.

पार्लेकर

व्हिसाचं राहिलं. शेंगेन म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. हे सगळ्या देशांना मिळून आहे, देशागणिक नाही. मे ते ऑगस्ट स्पेन, इटली, पोर्तुगाल असं लावलं तर नव्वद दिवस ऑगस्ट उजाडायच्या आतच संपतात. म्हणून मध्ये तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाचा गट टाकायचा. मुंबईत उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत, फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करा. स्पर्धेचं पत्र, राष्ट्रीय संघटनेचं पत्र, पालकांच्या बँकेचा तपशील, आणि अल्पवयीन असेल तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र. एकट्या मुलीला पाठवताना संमतिपत्राच्या तीन प्रती तिच्याजवळ द्या.

डबल्सप्रेमी

कारकीर्द म्हटलं की लग्न-मूल आणि मग संपलं, असं अजूनही बोलतात. सानियाला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला तिने नादिया किचेनोकबरोबर दुहेरी जिंकली. बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूला जुन्या क्रमवारीवर प्रवेश मिळतो. २०२५ पासून डब्ल्यूटीएने पात्र खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत पगारी मातृत्व रजाही दिली आहे.

आई अंधेरीची

सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न. डिसेंबरमध्ये घरची डब्ल्यू ३५ आहे, क्रमवारी नाही, प्रतीक्षा यादीत नाव खूप खाली असेल. जायचं का?

माटुंगेकर

मुंबईहून रातोरात पोचता येत असेल तर जा. क्रम असा ठेवा. नाव देतानाच राज्य संघटनेकडे पात्रतेच्या वाइल्ड कार्डसाठी लेखी विनंती पाठवा, सोबत मागच्या सहा महिन्यांचे निकाल एका पानावर. पात्रता फेरी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिथे हजर राहा. स्पर्धा पर्यवेक्षकाला भेटून मुलगी आली आहे, खेळायला तयार आहे हे सांगा आणि फोन चालू ठेवा. आदल्या संध्याकाळी एखादीचं विमान चुकतं, एखादी आजारी पडते, आणि यादीत वरची कोणी शहरातच नसते. आयपिन आणि पासपोर्ट खिशात, तारा लावलेल्या तीन रॅकेटी पिशवीत. जागा मिळाली नाही, तरी ड्रॉमधल्या मुलींना सरावाला जोडीदार हवी असते. सकाळी साडेसहाला कोर्टाजवळ उभी राहिली तर दोन दिवसांत चार जणींबरोबर खेळून येईल. मिळाली तर पहिल्या सामन्याआधी चेंडू कोणत्या कंपनीचा ते विचारा, आणि त्याच्याच एका डब्याने अर्धा तास सर्व्हिस करून बघा.